पेल्यावरची नावं

भाचा विचारतो, मावशी, वारज्याहून दोन बस बदलून
रास्ता पेठेत जातेस, तिथे असं मिळतं तरी काय?
मी सांगते, उपीट.
तो हसतो. उपीट आपल्या कोपऱ्यावरही मिळतं,
वर काजू लावून, फोटो काढण्यासारखं.

खरंय त्याचं.
रेणुशांचं उपीट कधी मोकळं, कधी गिच्च गोळा,
मीठ ज्याच्या त्याच्या नशिबाचं.
साबुदाणावडा गुरुवारी खावा, शनिवारी खाऊ नये,
शनिवारी कढईवर धाकटा असतो
आणि त्याचं अर्धं लक्ष समोरच्या कॅरमकडे.
मीटरखालच्या टेबलाचा एक पाय आखूड,
त्याखाली घडी घातलेली लग्नपत्रिका,
कुणाची, ते वाकून वाचायला लागेल.
पाटी एकच: सुट्टे नसतील तर उद्या द्या.
खाली कुणीतरी खडूने: नक्की द्या.

पेले मात्र बघण्यासारखे.
हॉटेल काढलं आणि सामानातच पैसे संपले,
तेव्हा काशीनाथ रेणुशांनी लग्नातली भांडी माळ्यावरून खाली काढली,
ती अजून चालू आहेत.
ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
चि. काशीनाथ यास, मामा, वेल्हे.
सौ. आत्याबाई, १९८१.
एकावर नुसतंच 'सप्रेम',
पुढचं नाव राखेने घासून घासून गेलेलं.
पाणी प्यायला लागलं की त्यांचं अख्खं वऱ्हाड
आपल्या टेबलाशी येऊन बसतं.
रिक्षावाल्यांना बहुतेक मामा मिळतात,
मला आत्याबाई.

केईएमला वडील अठरा दिवस होते.
घरून आणलेला त्यांचाच पेला घेऊन
मी सकाळ-संध्याकाळ इथे चहाला यायचे.
आज कसं आहे, असं रेणुसे विचारायचे नाहीत.
पेला हातात घेऊन एवढंच, साखर?
आधी दोन चमचे. मग अर्धा.
मग बिनसाखरेचा.
मग चहाच नको, कोमट दूध, पाणी घालून.
साखरेवरून त्यांना कळत असावं सगळं.

अठराव्या दिवशी पेला गल्ल्यावर होता,
दूध तापत होतं,
आणि वॉर्डातून फोन आला.

सात महिन्यांनी पुन्हा त्या बाजूला गेले,
दवाखान्यातला एक कागद राहिला होता म्हणून.
कागद मिळाला नाही. साहेब जेवायला गेलेले.
मी मीटरखाली येऊन बसले.
कुठे होतात, नाही. बऱ्याच दिवसांनी, नाही.
उपीट? एवढंच.
सिद्रामने पाणी आणून ठेवलं.
पेल्यावर: य. बा. खुटवड, नसरापूर.

मी बघत राहिले तशी गल्ल्यावरून आवाज आला,
तुमचा राहिला होता ताई. कागदात गुंडाळून देऊ?
म्हटलं, त्या दिवशीच्या दुधाचे पैसे...
ते उतू गेलं, रेणुसे म्हणाले,
उतू गेलेल्याचे आम्ही धरत नाही.

पाणी प्यायले.
पेला तसाच टेबलावर ठेवून आले.

तेव्हापासून तो त्यांच्या सोयऱ्यांमध्ये नांदतो आहे.
मोरीत मामांच्या अंगावर आपटतो,
फळीवर आत्याबाईंच्या डोक्यावर पालथा पडतो.
कधी माझ्या टेबलावर येतो, बहुतेकदा नाही.
मी मागत नाही. वाट मात्र बघते, खोटं कशाला बोलू.

परवा समोरच्या टेबलावर एक कुरिअरवाला पोरगा,
हेल्मेट मांडीवर, कॉलरपर्यंत घाम.
त्याने खुटवडांना दोन्ही हातांनी उचललं,
एका दमात प्यायला,
आणि ओठ पुसून सिद्रामला म्हणाला, अजून.
सिद्रामने काठोकाठ भरला.

मला आत्याबाई आल्या होत्या.
उपीट जरा खारट होतं.