पाव फेरा

पद्मावती मगदूम कॅसेट घेऊन आल्या,
प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर.
"आमच्या आप्पांचा आवाज आहे, हळदीचा सौदा पुकारताना.
मंद झालाय. जरा उजळून द्या."

सांगलीत, मार्केट यार्डामागच्या गल्लीत माझं दुकान.
शेजारी पॉलिशचा ड्रम दिवसभर घरघरतो:
काळपट हळकुंडं आत जातात, पिवळीधमक बाहेर येतात,
उरलेली भुकटी माझ्या मिक्सरच्या फटींत.
मीही तेच करतो म्हणा.

आधी संगणक.
पडद्यावर दहा हजारांच्या पुढं रेघ उचलली.
आप्पा होते तिथंच राहिले, खरखर तेवढी वर आली.
खरखर पुसली, तर तिच्याबरोबर
दोन आकड्यांमधला श्वासही गेला.
आठशे पाच. आठशे दहा.
स्टँडवर गाड्यांच्या वेळा सांगावं तसं.

मग कपाटावरचा डबा,
बंद पडलेल्या थिएटरातून वजनावर घेतलेला, दोन व्हॉल्व्हचा.
तापायला चहा उकळण्याइतका वेळ घेतो.
आवाज निघाला तो काशाच्या वाटीसारखा.
पण ती लकाकी डब्याची.
नव्हतं ते त्यानं इतक्या मायेनं घातलं
की मला खोटं म्हणवेना.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाल्या, "छान आहे.
कोण हे?"

त्या गेल्यावर डेकचं झाकण काढलं.
स्पिरिटचा बोळा फिरवला, तपकिरी होऊन आला.
हेडशेजारी एक बारका स्क्रू असतो.
घड्याळजीचा पेचकस, हात टेबलाला टेकवून, पाव फेरा.
आप्पांच्या टेपचं हेड तिरकं असणार,
विकत घेतल्यापासून, कुणाच्याच लक्षात न येता,
आणि माझं सरळ. मला अभिमान होता त्याचा.
तेवढाच तिरका झालो आणि
"स" आला. ताजा, धारेचा.
"सात नंबर वक्कल, बोला!"
मागं पोतं ओढल्याची चरचर,
कुणाचं तरी नाणं फरशीवर पडून गोल फिरलं,
आप्पा खाकरले. घशात हळदीची धूळ.

बाईंना फोन लावला, स्पीकरसमोर धरला.
पलीकडं काहीच नाही.
मग नुसतं नाक ओढल्याचा आवाज.
फोन तसाच टेबलावर ठेवून
मी बाहेर पळालो,
शेजारच्याला म्हणायला,
अरे, दोन मिनिटं तो ड्रम बंद कर.