किल्लीची नऊ मिनिटं

अकोल्गोनं दवाखान्याचा नकाशा भिंतीला चिकटवला
आणि माझ्या हातात निळी पेन्सिल दिली.
अपोका, दिवसभर जिथं जाशील तिथं रेघ ओढ.

संध्याकाळी कागदाकडं बघितलं तर
कोंबडीनं उकरल्यासारखं.
वर्कशॉप ते बाळांचा वॉर्ड,
पाना विसरला म्हणून परत,
फ्यूज नाही म्हणून स्टोअर,
स्टोअरला कुलूप म्हणून हिशेबनिसाची खोली,
हिशेबनीस जेवायला गेला म्हणून
कडुलिंबाखालचं बाकडं.
"यात दुरुस्ती कुठली?"
मी चार टिंबं दाखवली.
बाकी सगळी चाल.

मग त्या रात्रीचा विषय निघाला.
कुणी काढला नाही, निघाला.
जानेवारी. वाळवंटाकडचा कोरडा वारा
दारांच्या फटींतून पीठ चाळत होता,
आणि ऑक्सिजनचं यंत्र
नाक दाबल्यासारखं घुसमटत होतं.
फिल्टर बदलायला दोन मिनिटं.
किल्लीला नऊ.
लमिसी सिस्टर तोवर हातानं पिशवी दाबत राहिली.
यापुढचं ती सांगत नाही,
आम्ही विचारत नाही.

आठवडाभर स्टोअर उपसलं.
दानात आलेली यंत्रं,
ज्यांचे प्लग आमच्या भिंतीत शिरत नाहीत,
एक इन्क्युबेटर, पालीची अंडी उबवणारा.
वर्षभर हात न लागलेल्या प्रत्येकाला
लाल चिठ्ठी.
एका सक्शन पंपापाशी अकोल्गो अडला.
"ह्याच्या पोटातलं काय काय कुणाकुणात गेलंय,
ठाऊक आहे तुला?"
वहीत काहीच नव्हतं.
तो सांगत गेला, मी लिहीत गेलो,
वॉशर, स्प्रिंग, मोटरचे ब्रश, एकवीस ओळी.
मग त्यानंच चिठ्ठी बांधली.
गाठ जरा जास्तच आवळली.

बोल्गातांगाच्या बाजारातून
ओंजळीएवढी गवताची टोपली आणली.
यंत्राशेजारी खिळा,
खिळ्याला टोपली,
टोपलीत दोन फिल्टर आणि पुठ्ठ्याचं एक कार्ड.
एक फिल्टर वापरला
की कार्ड माझ्या टेबलावर.
बस्, एवढंच.
"चोरीला जातील," हिशेबनीस म्हणाला.
"चोर लावणार कशाला?" अकोल्गो म्हणाला,
"बायकोच्या नाकाला?"
लमिसी हसली. बऱ्याच दिवसांनी.

आज सकाळी टेबलावर कार्ड.
तिचं तिरकं अक्षर:
तीन वाजून दहा. बदलला. बाळ झोपलंय.

सवयीनं पेन्सिल उचलली,
नकाशापाशी गेलो,
वर्कशॉपवर टोक टेकवलं.
ओढायचं काय?

तीन दहाला मी कुठं होतो,
आठवून पाहिलं.
घरी. चटईवर.
फार तर कूस बदलली असेल.