प्रेसवाले

जेलरोडला आमच्या कॉलनीत कुणी विचारलं,
वडील कुठं असतात, तर एवढंच पुरायचं: प्रेसमध्ये.
बाहेरगावचे पाहुणे मात्र फसायचे.
आत्याच्या दिरानं एकदा विचारलंच, कुठल्या पेपरात?
बाबा म्हणाले,
जो कुणी रद्दीत घालत नाही, त्या पेपरात.

गांगुर्डे, नोट प्रेस, शीट तपासणी.
दिवसभर डोळ्यांखालून पैसा जायचा
आणि घरी आल्यावर भाजीच्या पिशवीत
सुटे दोन रुपये सापडायचे नाहीत.

कोपऱ्यावर भिकचंद सोनवणेची टपरी.
कोळशाची गेली, विजेची आली,
तेव्हा पाटीवरचं ‘इस्त्री’ खोडून त्यानं ‘प्रेस’ लिहिलं.
त्या दिवसापासून बाबा त्याला म्हणायचे प्रेसवाले
आणि तो बाबांना.
काय प्रेसवाले, झाले का कपडे?
झालेच प्रेसवाले, कॉलर राहिलीय.
मधूनच एखादा पोरगा मोटारसायकल दामटत जायचा,
नंबरप्लेटवर लाल अक्षरांत तेच,
ना बातमी, ना लायसन.
दोघं एकदम म्हणायचे, हे तिसरे.

चौथी मी. दिंडोरीकडं वायनरीत लागले.
द्राक्षं पिंपात घालून हवेच्या पिशवीनं हळूहळू दाबायची,
बी फुटू द्यायचं नाही, फुटलं की रस तुरट.
त्या यंत्राचंही नाव तेच.
बाबांनी पेढे वाटले: पोरगी पण प्रेसलाच लागली.
अर्धी कॉलनी अजून समजते, मी नोटा छापते.

रिटायर झाल्यावर त्यांनी शालिमारला रस्त्यावरून
एक जाडजूड डिक्शनरी आणली, पुठ्ठा सुटलेली.
रात्री भिंग लावून बसायचे, शीट तपासल्यासारखे.
हे बघ, आधी तुझं आहे, म्हणाले.
लॅटिनमधलं दाबणं, त्यातून द्राक्षांचा घाणा,
घाण्याचा मळसूत्री दांडा बघून कुणीतरी
कागदावर अक्षरं दाबली.
म्हणजे माझा छापखाना तुझ्या घाण्याचा नातू.
पेपरवाले पणतू.
आणि सोनवणे?
चुलत, मी म्हटलं. बाबांनी मान डोलावली.

खाली आकडा दोन घालून तोच शब्द पुन्हा.
स्पेलिंग तेच, कूळ वेगळं.
याचा दाबण्याशी मुळात संबंधच नाही.
जुन्या फ्रेंचमध्ये याचा अर्थ उसनं, आगाऊ दिलेलं.
हातावर नाणं टेकवलं
की माणूस राजाच्या जहाजावर गेलाच समजा.
बाबांनी भिंग खाली ठेवलं.
उचल, म्हणाले. आपली उचल.
मला पेठ-सुरगाण्याहून छाटणीला येणारी टोळी आठवली,
मुकादमाची वही, वहीतले निळे अंगठे.
अंगठा दाबावाच लागतो की,
तिथं दोन्ही कुळं एक होतात, मी म्हटलं.
हसतील असं वाटलं होतं.
हसले नाहीत.

बिटकोत डॉक्टरनं पोट चाचपत विचारलं,
आजोबा, इथं प्रेस केलं तर दुखतं?
बाबांनी माझ्याकडं पाहिलं.
हाही त्यांनी मोजला असणार.
नाही, म्हणाले.
शीट तपासणाऱ्याच्या पोरीला
छपाईतला दोष कळतो.

तेराव्यानंतर टपरीवर गेले, एक शर्ट राहिला होता.
पांढरा, निळ्या रेघांचा,
कॉलरच्या आत लाल दोऱ्याची खूण.
पैसे पुढं केले तर सोनवणेनं हात मागं घेतले.
प्रेसवाल्यांनी दोनशे आगाऊ दिले होते, ताई,
माझ्या पोरीच्या फीच्या वेळेला.
वीस शर्ट ठरले.
हा धरून बारा झाले.
आठ बाकी.
म्हटलं, राहू द्या हो.
नाही, उचल आहे ती. आणा, कुणाचेही आणा.

घरी कपाट उघडून मोजले.
सहाच निघाले.
त्यातले चार त्याच्याच हातचे, कडक,
दुमडले होते तसेच.
जमिनीवर बसले
आणि एकेकाची घडी मोडायला घेतली.