सेव्ह ॲज

बर्फाच्या कारखान्यावर, जिना चढून डावीकडे,
संस्थेचा संगणक.
त्याच्यावर कायम टॉवेल,
देवगडची खारी हवा लोखंड खाते म्हणून.

पहिल्या दिवशी तझीनने टॉवेल काढला,
म्हणाली, मावशे, आधी हात पूस.
मी दोनदा पुसले.
तरी बोटांना बांगड्याचा वास होताच,
काही बटणांवर तो अजून असेल.

कोरं पान उघडलं. एवढं पांढरं
की मला वाटलं काहीतरी बिघडलं.
कोपऱ्यात एक उभी रेघ
दिसायची, नसायची, दिसायची.
'ती तुझी वाट बघतेय,' तझीन म्हणाली.
वाट बघणारं इतकं घाईत
मी कुणी पाहिलं नव्हतं.

'मा. मत्स्यव्यवसाय अधिकारी यांस'
एवढ्याला चाळीस मिनिटं.
'त्स्य' तर सारखा सुटायचा,
त चा पाय एकीकडे, य भलतीकडे.
मग मजकूर: सुकी मासळी विकणाऱ्या आम्ही बाया,
जेट्टीजवळ आम्हाला ओटा हवा, वर पत्रे हवेत,
पाऊस आला की सुकटीचं पुन्हा ओलं होतं.
एवढं झालं आणि लाईट गेली.

'गेला खंय तां?' मी विचारलं.
'कुठं नाही गेलं,' पोर म्हणाली,
'कुठं ठेवलंच नव्हतं.'

दुसऱ्या दिवसापासून दर ओळीला
कंट्रोल दाबून एस.
तो नाव विचारायचा, मी सांगायची 'अर्ज'.
चार दिवसांनी बघते तर
अर्ज, अर्ज नवा, अर्ज खरा, अर्ज खरा २.
तझीन हसून खुर्चीवरून पडायची बाकी.
'तारीख घाल मावशे, खरंखोटं मागाहून ठरव.'

अर्जामागे यादी जोडायची होती.
गेल्या वर्षीची तयार होती, तेवीस जणी,
फक्त सात नंबर काढायचा:
द्वारका सारंग, अंगठा.
सही नव्हती तिला, पण आवाज असा
की गिऱ्हाईक दुसऱ्या टोपलीशी वाकलं तरी
हिच्याकडे बघून वाकायचं.
'घेवचा तर घे, नायतर फुडे चल.'
शिमगा झाला आणि तीच गेली.

माऊस ओढला. तिची ओळ निळी झाली.
डिलीट.

आठ नंबरची हौसा तारकर सात झाली,
नऊची आठ, दहाची नऊ.
मी हातसुद्धा लावला नव्हता.
पंगतीत मधलं कुणी उठून गेलं
की बाकीच्या पाट सरकवून घेतात,
तशा सगळ्या वर सरकल्या.
खाली शेवटी बावीस.
कुठे फट म्हणून राहिली नाही.

'थांब. हाड तिका परत.'
कंट्रोल, झेड.
द्वारका सातवर. हौसा पुन्हा आठ.
मी परत पुसली. परत आणली.
तिसऱ्या वेळी तझीन उठून
खिडकीशी गेली, पवनचक्क्या बघत राहिली,
त्या तर तिने जन्मापासून बघितल्यात.

मग येऊन बसली. 'सेव्ह ॲज कर.
जुनी आहे तशी राहते.
नव्या नावाने नवी होते,
पुसायचं ते तिच्यात पुसायचं.'

तसं केलं.
बावीस जणींची यादी छापली,
शाई शेवटच्या तिघींवर फिकट आली,
त्या मी पेनाने गिरवल्या.
साहेबांच्या शिपायाने शिक्का मारून घेतला.
ओट्याचं अजून काही कळलं नाही.

काल वर कुणी नव्हतं.
टॉवेल घडी करून ठेवला,
गेल्या वर्षीची यादी उघडली,
सातपर्यंत वाचली आणि बंद करायला गेले.
त्याने विचारलं, बदल जतन करायचे?

मी काहीच बदललं नव्हतं.
बोट लागलं असेल कुठे,
नावापुढे एखादी रिकामी जागा पडली असेल.

'नाही' दाबलं.