सोबत जोडले आहे

पहिल्यांदा लिहिलं, "सोबत टॉवेलचे फोटो जोडले आहेत,"
आणि काहीच न जोडता पाठवून दिलं.
कुलथे शेटचा फोन आला,
"मॅडम, सोबत म्हणता, पण सोबत कुणीच नाही!"
मी हसले. मग जेवणाच्या सुट्टीत
कडक भाकरीवर शेंगाचटणी दाबत बसले,
बराच वेळ.

अक्कलकोट रोडला आमचा कारखाना.
भिंतीपलीकडे चोवीस माग.
एका कानात ते, दुसऱ्या कानात हेडफोन,
हेडफोनमध्ये वाचून दाखवणारी बाई.
बाई मूळची हिंदीची, ळ तिच्या जिभेवर बसत नाही.
सोलापुरात ळ नाही, तेवढं नीट म्हणते,
बाकी सगळं निलं, पिवलं, कालं.
वेग मी इतका वाढवलाय
की शेजारच्या टेबलाला वाटतं रेडिओत मुंग्या शिरल्यात.

माउस ड्रॉवरमध्ये ठेवते.
नाहीतर शेटचा भाचा येतो,
"ताई, सोडा, मी करतो" म्हणतो,
करतो, आणि जातो,
आणि काय केलं ते मला कळत नाही.

टॅब. विषय. टॅब. मजकूर.
टॅब. "पाठवा, बटण."
इथं एंटर मारायचा नाही. त्या दिवशी इथंच मारला होता.
टॅब, टॅब. "फाइल जोडा, बटण."
आता मारायचा.
मग खिडकी उघडते म्हणतात.
माझ्यासाठी ती नाव लिहायची चौकट,
शिफ्ट धरून टॅबनं मागं सरकलं की यादी,
आणि खालचा बाण.

यादीत काय?
आय एम जी अंडरस्कोअर दोन शून्य दोन चार शून्य तीन...
चाळीस फोटो, चाळीस सख्खे भाऊ.
आमच्या गल्लीत "अंबादास" म्हणून हाक मारावी
आणि सात दारं उघडावीत, तसं.

दुसऱ्यांदा जोडलं ते खरंच जोडलं.
फक्त गेलं ते राजेशम जॉबरच्या नातवाचं बारसं,
त्यांच्याच मोबाइलमधून फोटो घेतलेले ना.
कुलथे शेटनं लिहिलं,
"बाळ छान आहे. डझनाचा भाव कळवा."

संध्याकाळी राजेशमकाका टेबलाशी आले.
हात पुढं केला नाही, खुर्ची ओढली.
"मी बघून सांगतो. तू नाव लिही."
एफ दोन दाबलं.
"हा निळा. काठाला मोर."
"मोर कसा?"
"कसा म्हणजे? मोरासारखा की."
मी थांबले. तेही थांबले.
"जरा लठ्ठ आहे," म्हणाले.
लिहिलं: निळा लठ्ठ मोर.
पुढचा विटकरी, चौकड्यांचा, एक चौकडा चुकलेला.
पुढचा पांढरा, लॉजवाल्यांचा, कोपऱ्यात कुणाचं तरी अक्षर.
पाळी सुटली, माग थांबले,
दोन्ही कान मोकळे झाले, आम्ही बाविसाव्यावर.
मधेच ते तेलुगूत स्वतःशी काहीतरी मोजत होते.
उठताना म्हणाले,
"तीस वर्षं उतरवतोय हा माल.
मोर कसा, ते कुणी विचारलं नव्हतं बघ."

सकाळी तिसरं पत्र.
यादीत न दाबला.
"निला लठ्ठ मोर."
एंटर. बीप, बीप, प्रत्येक बीप आधीच्यापेक्षा वर,
फाइल जिना चढतेय, मी खाली उभी.
सूर थांबला तसं मागं जाऊन पाहिलं.
हो, पाहिलं. हाच शब्द वापरते मी.
"निला लठ्ठ मोर, दोनशे दहा केबी. काढून टाका, बटण."
त्याला हात लावला नाही.
कंट्रोल, एंटर.

चार वाजता उत्तर आलं.
"मोर खरंच लठ्ठ आहे. दोनशे डझन पाठवा.
बाळाचं नाव काय ठेवलं?"

बाईचा वेग कमी केला,
पहिल्या वर्षी होता तेवढा,
आणि पुन्हा वाचायला लावलं.