धडा

ट्रक भरलेला येतो, काट्यावर चढतो,
मी आकडा लिहून घेते.
मका ओतून तोच ट्रक रिकामा येतो,
पुन्हा आकडा.
वजाबाकी करायची, पावती फाडायची,
खिडकीतून हात बाहेर काढायचा : पुढचा.
ताशी एकोणीस डॉलर. सुगीत ओव्हरटाइम.

नेब्रास्कात, या सायलोंच्या पायथ्याशी,
पदवी असलेली वजनवाली मी एकटीच.
'आंतरविद्याशाखीय अभ्यास' –
एवढा लांब शब्द की प्रमाणपत्रावर
मार्लिस व्होंद्रा हे नाव
खालच्या ओळीत ढकललं गेलं.
थोडं भूगर्भशास्त्र, थोडं तत्त्वज्ञान,
दोन सत्रं संख्याशास्त्र,
आणि एक अख्खा हिवाळा मरत चाललेल्या भाषांवर.
वडील म्हणाले, एक ना धड...
पुढचं त्यांनी गिळलं,
कारण व्हिल्माआत्या समोरच बसून
चिंध्यांची गोधडी शिवत होती.

कर्ज घेतलं एकेचाळीस हजार तीनशे.
सहा वर्षं भरतेय, दरमहा एकशे ऐंशी.
आज शिल्लक एकेचाळीस हजार नऊशे ऐंशी.
ताळा तीनदा करून पाहिला.
चूक नाही. व्याजाला रविवार नसतो.

चुलतभाऊ ड्वेन विजेच्या खांबांवर चढतो.
माझ्या दुप्पट कमावतो, कर्ज शून्य.
नोव्हेंबरात सगळे जमलो की
टर्कीची हाडं बाजूला सारून म्हणतो,
"ते खडकांचं सांग ना, समुद्र होता इथे, ते."
सांगते.
तो गुडघा चोळत ऐकतो.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

काल शेवटची खेप घेऊन आला
टोबिन क्लाइनश्मिट, वय सतरा, ट्रक बापाचा.
खिशातून चार घड्यांचं माहितीपत्रक काढलं.
तेच कॉलेज, तोच लांब शब्द.
"तू हेच केलंस ना? परवडतं का?"

पावतीच्या पाठीवर सगळं लिहून दिलं :
घेतलेलं, भरलेलं, उरलेलं, ताशी किती.
ड्वेनचा आकडासुद्धा.
वाचून म्हणाला, "आणि मिळालं काय?"

म्हटलं, ट्रक पुढे घे,
आणि तू उभा राहा काट्यावर.
सत्तर फुटांच्या पोलादावर
एकटा पोरगा, हातात कागद.
एकशे साठ पौंड.
"बूट काढ." एकशे साठ.
"जाकीटही." एकशे साठ.
हा वीस-वीसनेच बोलतो रे,
मधलं त्याला कळत नाही.

तो हसला. "म्हणजे घेऊ की नको?"

ते मला ठाऊक नव्हतं. अजून नाही.
त्या हिवाळ्यात एका म्हातारीची ध्वनिफीत ऐकली होती.
तिची भाषा बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं,
तरी ती बोलता बोलता मधेच थांबायची,
उत्तर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच.
ते थांबणं मी कर्जावर घेतलंय.
फेडतेय.

हे त्याला सांगितलं नाही.
वजनाचं सांगितलं :
रिकाम्या गाडीचा आकडा, त्याला धडा म्हणतात,
तो नसेल तर मालाचा हिशोब लागत नाही.
अठराव्या वर्षी, आत काही भरलेलं नसताना,
मला कुणी काट्यावर चढवलंच नव्हतं.
आता कशातून काय वजा करू?

त्याच्या पावतीवर लिहिलं :
टोबिन, रिकामा, एकशे साठ.
तारीख टाकली, शिक्काही मारला.
तो घडी घालून घेऊन गेला,
ट्रकचा एक दिवा बंद, सांगायचं राहिलं.

मोजा एक विसरला काट्यावर.
सकाळी पहिला ट्रक त्यावरूनच आला,
आकडा चोख.