ओ

हेतलबेन डॉक्टरांनी कागदावर तीन अक्षरं लिहिली:
ओ, डी, डी.
मी पहिल्यालाच अडले.
आमच्याकडे हाकेला देतात तो ओ.
दांडिया बाजारातल्या आमच्या जिन्यात उभी राहून
दिवसातून तीस वेळा मी हाक मारते, यशोधन,
आणि तीस वेळा वरून काही येत नाही,
किंवा दार आपटतं.

साडेअकरा वर्षांचा आहे.
घरी नाही म्हणतो, शाळेत ना, शिकवणीच्या सरांना नो.
मोजे घाल. नाही.
बरं, नको घालू. नाही, घालणार.
शाळेतून फोन येतो, "सामे बोले छे, बेन."
सासूबाई म्हणाल्या, दोन ठेवून दे.
दिल्या ठेवून.
गालाला हातसुद्धा न लावता त्याने विचारलं,
झालं?

खंडेराव मार्केटात, जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत,
मी दिवसभर लोकांच्या मुलांची नावं दुरुस्त करते.
काना राहिला, मात्रा जास्त झाली, वडिलांचं नाव चुकलं.
माझ्या मुलाला मीच नावं ठेवत गेले:
हट्टी. मग उद्धट.
मग एका रात्री एक, जे इथे लिहिणार नाही.

"वही करा," हेतलबेन म्हणाल्या.
"तो नाही म्हणाला हे लिहू नका, ते मला माहीत आहे.
त्याच्या आधी काय झालं ते लिहा."

ऑफिसची सवय. पट्टी घेऊन रकाने पाडले.

मंगळवार, सकाळी सात-दहा.
आधी: एका दमात चार कामं सांगितली.
टिकलं: बस चुकेपर्यंत.

गुरुवार. आधी: शिर्केमामांसमोर पाढे म्हणायला लावले.
टिकलं: मामा जाऊन दोन दिवस.

शनिवार. आधी: काही नाही.
हे खोडलं.
आदल्या रात्री दिग्विजय आणि मी, स्वयंपाकघरात,
हळू आवाजात.
हळू आवाज भिंतीतून जास्त जातो.

रविवारी काळ्या घोड्याच्या पुलावर स्कूटर थांबवली.
खाली विश्वामित्रीच्या चिखलात मगर.
चाळीस मिनिटं तो कठड्याला पोट टेकून उभा,
माझा मुलगा, जो वर्गात चार मिनिटं बसत नाही म्हणतात.
माणसं जमली. एय, हाल ना!
कुणी शिट्टी मारली, कुणी खडा.
"आता तर ती मुळीच हलणार नाही," तो म्हणाला,
मला नाही, स्वतःशीच.
"हलायचं असलं तरी."

हे कुठल्या रकान्यात लिहायचं कळेना.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं कुणी समजू नये.
परवाच डबा भिंतीवर गेला, भेंडीचा डाग अजून आहे.
हेतलबेन म्हणतात सहा महिने, कदाचित वर्ष.
हल्ली मी एका वेळी एकच सांगते
आणि सांगून खोलीतून निघून जाते.
समोर उभी राहिले की मोजे घालणं म्हणजे हरणं होतं.
कधी जमतं. पुष्कळदा मी दारापर्यंत जाते
आणि परत फिरून पाचवं वाक्य बोलतेच.

काल वही उघडली तर शेवटच्या पानावर
त्याचं अक्षर, रकाने तंतोतंत माझे:

बुधवार, रात्री नऊ. आई ओरडली. चार वेळा नाही म्हणाली.
आधि: ऑफिसातून फोन.
टिकलं: भांडी होईपर्यंत.

आधीला त्याने पहिली वेलांटी काढलीय.
तशी काढली की तो दुसराच शब्द होतो,
व्याधीच्या शेजारी बसणारा.
दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारून पगार घेणारी मी,
हातात पेन होतं.
राहू दिली.

मग जिन्यात येऊन एकदाच हाक मारली.
वरून काही आलं नाही.
दारही वाजलं नाही.